द्राक्षबागांच्या वाटेने : काष्टी ते जुन्नर

युरोपच्या सहलींची छायाचित्रे हल्ली आपल्याही घरांत येऊ लागली आहेत. कोणाचा भाऊ जर्मनीत नोकरीला असतो, कोणाची लेक लंडनला दिलेली असते. सुटीत भाड्याची गाडी घेऊन ही मंडळी बायकामुलांसह फ्रान्समधल्या अल्सासला किंवा ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने फिरतात. उतारावर ओळीने लावलेल्या द्राक्षवेली, मधूनच लाल कौलांचे एखादे गाव, गावाच्या तोंडाशी वाईनचे तळघर. फोटो पाहताना घरातले कोणीतरी वडीलधारे हमखास विचारते, “अरे, तिथे तर सगळीकडे दारूच गाळतात. आपल्या माणसांनी लेकरांना घेऊन जावं का अशा मुलखात?”

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधायला युरोपात जायची गरज नाही. द्राक्षे पिकवणारा आणि वाईन गाळणारा मुलूख आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीहून गाडीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत तिथे पोहोचतो. मागच्या हंगामात आम्ही तो प्रवास केला. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे, सहावीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि बहिणीचा मुलगा, असे सात जण होतो. भाच्याला बरोबर घेण्यामागे कारण होते. त्याने बी.एस्सी. ॲग्री पूर्ण केले आहे आणि नाशिककडच्या एका वाईन कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. शेतकऱ्यांच्या बागा पाहायच्या, द्राक्षातली साखर मोजायची, तोडणीचा दिवस ठरवायचा आणि माल कारखान्यावर पोहोचवायचा, असे काम होते. पगार चांगला होता आणि त्याच्या घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. घरात दोन मते पडली. अब्बा म्हणाले, “आधी बागा डोळ्यांनी बघू, मग बोलू.”

निघण्याआधी

काष्टीत शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवशी रस्त्यावर टेम्पो, बैल, गाई आणि व्यापारी यांची एवढी दाटी असते की सहलीचा विचारच करू नये. आम्ही मुलांची सोमवारची सुटी जोडून घेतली आणि रविवारी फजरची नमाज पढून निघालो. प्रवासाची दुआ मुलीने मोठ्याने म्हटली, बाकीच्यांनी मागून म्हटली.

जुन्नरपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. हनफी उलेमांपैकी काही जण कसरसाठी 78 किलोमीटरच्या आसपासचे अंतर धरतात, काही 92 धरतात. दोन्ही हिशोबांनी आम्ही मुसाफिर होतो. गावाची हद्द ओलांडली की जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब आहे तशीच राहते. मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तोवर ही सवलत चालते. मात्र गावातल्या मुकीम इमामामागे जमाअतीने नमाज पढली तर त्याच्याबरोबर पूर्ण चार पढायच्या. मुलांना हे पुस्तकातून शिकवून लक्षात राहत नाही, प्रवासात मात्र एकदाच सांगावे लागते.

अम्मीने खिमा-पराठे, उकडलेली अंडी आणि लिंबाचे लोणचे बांधून घेतले होते. श्रीगोंद्याची लिंबे नावाजलेली आहेत, त्यामुळे लोणच्याशिवाय डबा भरत नाही. द्राक्षपट्ट्यातल्या महामार्गावर हॉटेले पुष्कळ आहेत, पण अनेकांच्या पाटीवर जेवणाबरोबर ‘बार’ हा शब्दही असतो. ज्या दस्तरखानावर दारू फिरत असेल तिथे बसू नये, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश हदीसमध्ये आला आहे. डबा बरोबर असला की हा पेच उरत नाही.

पाण्याच्या उलट दिशेने

काष्टीच्या पश्चिमेला घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. हे गाव आपल्यापैकी बहुतेकांना उसाच्या वाहतुकीमुळे माहीत असते. पण डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून अनेक वर्षे इथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. मातीची घरे, धान्याच्या कणग्या, जव आणि इतर धान्ये आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट असे बरेच काही सापडले. या उत्खननाचा मोठा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत म. के. ढवळीकर आणि ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर झैनुद्दीन दाऊद अन्सारी यांचे नाव आहे. आपल्या मुलांना अशी नावे सांगायला हवीत.

पाटाचे पाणी हा आजही या भागाचा जीव की प्राण आहे. घोड आणि कुकडी या दोन्ही प्रकल्पांचे पाणी श्रीगोंदा तालुक्यात येते. कुकडीचा डावा कालवा जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणातून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. आवर्तन कधी सुटणार आणि शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचणार की नाही, यावर आपल्याकडे दरवर्षी उसाचे, लिंबाचे आणि कांद्याचे भवितव्य ठरते. आमचा प्रवास या पाण्याच्या उलट दिशेने, खालून वर चालला होता. वरच्या अंगाला पाणी आधी मिळते, हवा थोडी थंड असते आणि तिथेच द्राक्षबागा दाट आहेत. नकाशा न उघडता मुलांना भूगोल कळला.

पारनेरचा रस्ता

शिरूर ओलांडून आम्ही निघोजला थांबलो. कुकडी नदीने इथे काळ्या बेसाल्ट खडकात खोल रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरत राहिले आणि खडक आतून घासून निघाला. मुलांना हे ठिकाण इतके आवडले की निघताना हाका माराव्या लागल्या. कडेला कठडा सगळीकडे नाही, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये.

याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. पाणी अडवणारे गाव म्हणून त्याची कीर्ती जगभर गेली, पण गावाच्या सुधारणेची सुरुवात दारूच्या भट्ट्या बंद करण्यापासून झाली होती. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या द्राक्षाला बाजार मिळेल, असे कारण देण्यात आले. तेव्हा अण्णा हजारे यांनी याच गावातून उपोषणाचा इशारा दिला होता. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत बायाबापड्यांनी ‘आडवी बाटली’च्या चिन्हावर मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली आहेत. त्यांत बहुतेक हिंदू भगिनी होत्या. नवरा पिऊन आला की मार कोणाला बसतो आणि चूल कोणाची विझते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. दारूला विरोध ही फक्त मुसलमानांची गोष्ट आहे असे कोणी म्हटले, तर त्याला पारनेरच्या रस्त्याने एकदा न्यावे.

मांडवाखाली

अळकुटी, बेल्हे, आळेफाटा करत आम्ही नारायणगावच्या परिसरात पोहोचलो. इथल्या एका बागायतदारांशी अब्बांची ओळख काष्टीच्या बाजारातली. संकरित गाई घ्यायला ते येतात. फोन केलेला होता, त्यामुळे ते रस्त्यावर येऊन उभे होते. “या चाचा, उन्हाचं आधी बागेत बसा,” म्हणाले.

द्राक्षाच्या मांडवाखाली पहिल्यांदा शिरणाऱ्याला नवल वाटते. डोक्यावर पानांचे छत, छताला टांगलेले घड आणि खाली जमिनीवर गार सावली. फेब्रुवारीत तोडणी जोरात असते. बायका पहाटे कामाला लागतात, घडाला हात न लावता देठ धरून कात्रीने कापतात, कारण मण्यांवरची पांढरी लव पुसली गेली की भाव पडतो.

पाटलांनी भाच्याला वर्षभराचे काम समजावून सांगितले. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल झोपी जाते आणि वर्षाला एकदाच छाटणी होते. तिथला हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आपल्या दख्खनमध्ये वेल झोपतच नाही. म्हणून तिला दोनदा छाटावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून फळ येते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेत राहिला होता. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याची त्याने आवर्जून नोंद केली आहे. न झोपणारी ही वेल त्यालाही नवी वाटली असावी.

खाण्याची आणि वाईनची द्राक्षे वेगळी असतात, हेही तिथे कळले. खायचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो आणि त्यात साखर बरीच जास्त मुरू देतात. महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांतला फार मोठा भाग ताजा खाल्ला जातो, त्यानंतर बेदाण्याचा क्रमांक लागतो आणि वाईनकडे जाणारा वाटा अगदी थोडा आहे. ‘वाईन बंद झाली तर द्राक्षशेतकरी मरेल’ असे बोलले जाते, तेव्हा हे प्रमाण ध्यानात ठेवावे.

पाटलांच्या तोंडून जातींची नावे ऐकताना अब्बांना गंमत वाटत होती. अनाबशाहीमधला ‘अनाब’ म्हणजे अरबी ‘इनब’, द्राक्ष. ही जात हैदराबादेत अब्दुल बाकर खान यांनी रुजवली आणि तिथून ती दख्खनभर पसरली. बेदाणा म्हणजे फारसीत ‘बे-दाना’, बी नसलेला. तासगावच्या सुप्रसिद्ध जातीचे नाव ‘तास-ए-गणेश’. तासगाव आणि गणेश या दोन अस्सल मराठी नावांना मधल्या फारसी ‘ए’ने जोडले आहे. शेतकऱ्याने ते नाव ठेवताना भाषेचा वाद घातला नाही. आपल्यातल्या बागवान बिरादरीचे नावही याच बागेतले. पिढ्यान्‌पिढ्या फळांचा व्यापार करणाऱ्या या बिरादरीचे व्यापारी आजही हंगामात द्राक्षबागांच्या बांधावर दिसतात.

मग पाटलांनी मागच्या काही वर्षांची कहाणी सांगितली. माल तोडणीला आला होता, व्यापाऱ्याशी बोलणे झाले होते. संध्याकाळी आभाळ आले आणि रात्री गारा पडल्या. सकाळी पाहतात तो तारा, अँगल, वेली सगळे एकमेकांवर कोसळलेले. “मांडवासकट बाग झोपली चाचा,” ते म्हणाले. “घड जमिनीवर, वर नुसतं आभाळ.” गारपीट नाही झाली तरी अवकाळी पावसाच्या एका सरीने मणी तडकतात, भुरी आणि डाऊनी येते, औषधांचा खर्च वाढत जातो. कर्ज काढून उभा केलेला मांडव असतो, त्यामुळे एका रात्रीचे नुकसान फेडायला कित्येक हंगाम जातात.

अब्बा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलांना जवळ बसवून सूरह कहफमधली दोन बागांची गोष्ट सांगितली. आपण ही सूरह दर जुम्याला पढतो. एका माणसाला अल्लाहने द्राक्षांच्या दोन बागा दिल्या होत्या, भोवती खजुराची झाडे, मध्ये शेती आणि वाहता पाट. त्याला वाटू लागले की हे कधी संपणारच नाही. गरीब सोबत्याला तो आपली दौलत आणि माणसे मोजून दाखवू लागला. सोबती म्हणाला, बागेत पाय ठेवताना ‘माशाअल्लाह’ का म्हणाला नाहीस? पुढे एके दिवशी ती बाग तिच्या मांडवांवर कोसळली आणि तो माणूस लावलेल्या पैशासाठी हात चोळत बसला. कुरआनने मांडवाचा उल्लेख केला आहे, हे आम्ही अनेकदा वाचले होते. पण मांडव कोसळणे म्हणजे काय, हे नारायणगावात समजले.

अब्बांनी लगेच हेही सांगितले की गारपीट झालेला प्रत्येक शेतकरी गर्विष्ठ असतो असा याचा अर्थ काढायचा नाही. ती गोष्ट बागवाल्याच्या मनाबद्दल आहे. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याकडे आपण मदतीला जायचे, हिशोब मांडायला नाही.

असरची वेळ झाली तेव्हा पाटलांनी पॅकिंग शेडमधल्या पेट्या बाजूला सरकवून धुतलेली ताडपत्री अंथरली. वहिनींनी वुजूसाठी कळशी आणून ठेवली. नमाज झाल्यावर पिठले, बाजरीची भाकरी आणि ताटभर द्राक्षे समोर आली.

बाटलीवरचा खय्याम

नारायणगावचे नाव भारतीय वाईनच्या इतिहासात आहे. 1980 च्या दशकात शॅम्पेन इंडेज या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथे फेसाळ वाईन तयार केली आणि ती परदेशी पाठवली. तिचे नाव ठेवले होते ‘ओमर खय्याम’. तो उद्योग पुढे कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडला. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यावर वाईनचे मुख्य केंद्र नाशिककडे सरकले आणि विंचूरला वाईन पार्क उभे राहिले.

मुलीने विचारले, “मुसलमानाचं नाव दारूला का दिलं?” इंग्रज कवी फिट्झजेराल्डने 1859 मध्ये खय्यामच्या रुबायांचे स्वैर भाषांतर केले आणि जगाला खय्याम ठाऊक झाला तो प्याला हातात घेतलेला. आपल्या माधव जूलियनांनीही, जे फारसीचे प्राध्यापक होते, रुबाया मराठीत आणल्या. त्या ओळींतली दारू खरी की सुफी अर्थाची, हा वाद विद्वानांत जुना आहे. पण निशापूरचा हा माणूस आधी गणिती होता. त्याने घन समीकरणांवर बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात, 1079 मध्ये, सौर वर्षाचे जे अचूक पंचांग अमलात आले, ते बसवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांत तो होता.

योगायोग असा की नारायणगावच्या पूर्वेला खोडद इथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या जीएमआरटीमध्ये प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या तबकड्या रस्त्यावरूनही दिसतात. आत जायला पूर्वपरवानगी लागते. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली केली जाते. मुलीला आम्ही तबकडी दाखवून सांगितले, “खय्याम आज असता तर इथे नोकरीला असता.”

भाच्याचा प्रश्न

रात्री मुक्काम जुन्नरला केला. दुसऱ्या दिवशी जोहरची नमाज तिथल्या मशिदीत जमाअतीने पढली, म्हणजे पूर्ण चार. नमाजनंतर भाच्याने इमामसाहेबांना आपली गोष्ट सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “द्राक्ष पाक आहे, हलाल आहे. कुरआनात अकरा ठिकाणी त्याचा उल्लेख आहे. ताइफच्या लोकांनी दगड मारून रक्तबंबाळ केल्यावर प्रेषितांनी (स.) एका द्राक्षबागेतच आसरा घेतला होता. तिथला ख्रिस्ती नोकर अद्दास द्राक्षांची थाळी घेऊन आला आणि प्रेषितांच्या तोंडून बिस्मिल्लाह ऐकून चकित झाला. त्यामुळे बागेत काम करण्यात काहीच गैर नाही.”

मग त्यांनी दारूबंदीचे टप्पे सांगितले. सूरह बकरामध्ये सांगितले गेले की दारूत लोकांसाठी काही फायदे आहेत, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. नंतर सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई आली. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली आणि मदिनेच्या गल्ल्यांत दारू ओतून दिली गेली. खजुराची झाडे मात्र कोणी तोडली नाहीत. खजूर आणि मनुका पाण्यात भिजवून केलेले गोड नबीज प्रेषित (स.) पीत असत, पण ते आंबण्याआधीच.

“तिरमिजीत हदीस आहे,” ते पुढे म्हणाले. “दारूच्या बाबतीत दहा जणांवर लानत सांगितली आहे. त्यात पिणारा आहे, तसा निचोडणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणाराही आहे. दारू बनवणाऱ्याला नुसती द्राक्षे किंवा रस विकण्याबद्दल इमामांत मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा यांनी त्याला वाव ठेवला, त्यांच्याच दोन शिष्यांनी ते मकरूह मानले आणि खरेदीदाराचा हेतू माहीत असताना इतर इमामांनी त्याला मनाई केली. पण बेटा, तू शेतकरी म्हणून द्राक्ष विकणार नाहीस. दारूसाठी द्राक्ष कधी तयार होईल, हे ठरवण्याचाच पगार तू घेणार आहेस. मुफ्तीसाहेबांना कामाचा सगळा तपशील लेखी देऊन विचार. माझं मन विचारशील, तर मला त्यात शंका वाटते आणि जिथे शंका आहे तिथून दूर राहिलेलं बरं.”

भाचा म्हणाला, “आणि हप्ते?” त्यावर इमामसाहेबांनी लगेच उत्तर दिले नाही. अब्बांकडे पाहून ते एवढेच म्हणाले, “हा प्रश्न एकट्या मुलाचा नाही, घराचा आहे.”

हे वाक्य आम्हा सगळ्यांना लागले. हराम-हलालचा उपदेश करणे सोपे असते. पण तरुण मुलाने चांगल्या पगाराची नोकरी सोडावी असे वाटत असेल, तर त्याच्या गळ्यातले ओझे वाटून घेणेही घराचे काम आहे.

हबशी घुमट आणि शिवनेरी

जुन्नरला आलेल्याने घाईने परतू नये. दोन हजार वर्षांपूर्वी इथून नाणेघाटाने कोकणात माल उतरत असे. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन म्हणजे पश्चिमेकडच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्या काळातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरत असल्याचे लिहिले आहे. म्हणजे परदेशी मद्य आपल्या मुलखाला नवे नाही आणि त्यापासून दूर राहणारी माणसेही नवी नाहीत.

गावाबाहेर हापूसबागेत हबशी घुमट ही देखणी दगडी कबर-इमारत आहे. हापूसबाग हे नाव ‘हबशी बाग’ यावरून आले असे सांगतात. अहमदनगरचा किल्ला 1600 मध्ये मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर हा हबशी सरदार काही काळ जुन्नरहून कारभार पाहत होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राज्याचा वजीर झाला आणि त्याने वसवलेल्या खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालच्या नहरीने पाणी दिले.

शिवनेरीवर शिवाजी महाराजांचे जन्मस्थान पाहिले. त्याच गडावर कमानी मशीद आणि माथ्यावर ईदगाह आहे. गडाच्या पायऱ्या सोप्या आहेत, पण अब्बा-अम्मी अर्ध्या वाटेवर झाडाखाली बसले. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची मोठी गर्दी असते, लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर तो दिवस टाळावा.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, म्हणजे इफ्तारच्या दस्तरखानावर ताजी द्राक्षे येतात. बागेतून आणलेली द्राक्षे खाण्याआधी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून चांगली धुवावीत. बेदाणा घरी करून पाहायचा असेल तर साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, हे लक्षात ठेवून माल घ्यावा.

कोणत्याही बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये. नुकतीच फवारणी झालेली असू शकते आणि माल निर्यातीचा असेल तर बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत. वाईनच्या कारखान्यांत पर्यटकांसाठी ‘टेस्टिंग’ असते. तिथे आपल्याला काही काम नाही. बागा पाहायला तळघरात उतरावे लागत नाही.

परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांनाही हेच सांगता येईल. अल्सासच्या गावांतून जरूर फिरा, वेली पाहा, शेतकऱ्याशी बोला. मात्र तिथल्या पदार्थांत वाईन रश्शात आणि मिठाईत घातलेली असते, म्हणून आधी विचारून घ्या. तुर्कस्तानात गेलात तर मनिसाच्या आसपासच्या बागा पाहा. मुस्लिम वस्तीचा हा देश बेदाण्याच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे आणि द्राक्षाचा रस आटवून केलेली ‘पेकमेझ’ नावाची काकवी तिथे घराघरांत खातात. द्राक्षाचे मोल दारूशिवायही होते, हे तिथे दिसते.

घरी आल्यावर

परतल्यावर भाच्याने मुफ्तीसाहेबांना सगळा तपशील लिहून पाठवला. उत्तर आले, ही नोकरी करू नये. त्याने कंपनीला नम्रपणे नकार कळवला. दरम्यान पाटलांनी त्याला नारायणगावजवळच्या एका पॅकहाऊसचा पत्ता दिला होता. तिथे खाण्याची द्राक्षे निर्यातीसाठी तपासून पेट्यांत भरतात. पगार वाईन कंपनीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी आहे. पहिल्या वर्षी शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यातला तेवढा फरक अब्बा आणि आम्ही मिळून भरायचा, असे बहिणीच्या घरी बसून ठरवले. तिला आधी ते पटत नव्हते. “भावाकडून किती घ्यायचं?” म्हणाली. अम्मीने तिला समजावले की हे भाचाच नंतर धाकट्या भावंडांसाठी करील.

तो आता नारायणगावात खोली घेऊन राहतो. एप्रिलची खरड छाटणी त्याने पाटलांच्या बागेत उभे राहून शिकून घेतली. गोडी छाटणी झाली की पुढच्या मालाचा अंदाज कळेल, असे तो फोनवर सांगतो आणि आभाळ आले की अब्बा काष्टीहून त्याला विचारतात, “पाटलांच्या मांडवावर पाऊस नाही ना रे?”